'ब्लूज स्टँडर्ड्स'ला मराठीत काय म्हणावं?

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमधून आलेली गाण्याची शैली. अमेरिकन गायिका अल्बर्टा हंटर यांच्या 'ॲमट्रॅक ब्लूज' (१९८०) या अल्बमवर लिहिताना 'ब्लूज स्टँडर्ड्स'साठी 'ब्लूजची प्रमाणित गाणी' चालेल का, असा प्रश्न आहे.

नाही चालणार. 'प्रमाणित' म्हटलं की दाखला आणि शिक्का आठवतो. 'अभिजात'ही नको, त्यात गुणवत्तेचा निवाडा येतो, आणि काही स्टँडर्ड्स रचना म्हणून अगदी बेताची असतात. स्टँडर्ड म्हणजे पहिल्या गायकाच्या हातून सुटून सगळ्यांचं झालेलं गाणं. पियानोवादक लोव्ही ऑस्टिनबरोबर रचलेलं 'डाउनहार्टेड ब्लूज' हंटरबाईंनी १९२२ साली ध्वनिमुद्रित केलं. पुढच्याच वर्षी बेसी स्मिथच्या आवाजात ते तुफान खपलं आणि मग जो तो ते गाऊ लागला. इथे ते स्टँडर्ड झालं.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द 'चीज'. श्रोत्याला चीज आधीच ठाऊक असते. हा गवई तिचं काय करतो, ते ऐकायला तो बसलेला असतो. पण चिजेला राग चिकटलेला असतो, म्हणून सरसकट वापरू नये. मी 'रुळलेली गाणी' म्हणेन, किंवा सरळ 'स्टँडर्ड्स'.

खरी गोम 'ब्लूज'मध्ये आहे, कारण या अल्बममधली सगळी गाणी ब्लूज नाहीत. वीसेक वर्षं न्यूयॉर्कच्या इस्पितळात नर्स म्हणून काम करून १९७७ साली, वयाच्या ८२व्या वर्षी, बाई पुन्हा गायला उभ्या राहिल्या. त्यानंतरच्या या अल्बममधलं शीर्षकगीत ब्लूज आहे, पण स्टँडर्ड कसं असेल? ॲमट्रॅक ही अमेरिकेतली रेल्वेसेवाच मुळी १९७१ सालची! उलट संगीतकार अर्विंग बर्लिनचं 'ऑलवेज' पक्कं स्टँडर्ड, पण ब्लूजशी त्याचा संबंध नाही. 'नोबडी नोज यू व्हेन यू आर डाउन अँड आउट' दोन्हीत बसतं, तरी त्याचा साचा ब्लूजचा नेहमीचा बारा बारचा (बार म्हणजे तालाचा एक ठरावीक तुकडा) नाही. (या 'बारा बार'चं 'बारा मात्रा' कृपया करू नका. एका बारमध्ये बहुधा चार मात्रा असतात, म्हणजे हिशेब अठ्ठेचाळीसवर जातो.)

तेव्हा या अल्बमपुरतं 'ब्लूज आणि जुनी रुळलेली गाणी' असं लिहा.