होतकरू म्हणजे गरीब नव्हे

प्रश्न फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा आहे. थोडक्यात असा: ‘आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या ईगल्स संघातल्या तरुण कॉर्नरबॅकवरून (बचावातल्या खेळाडूंवरून) घरी वाद चालला होता. कोणात किती पोटेन्शियल आहे, कोण पुढे येईल वगैरे. मी म्हटलं, तिघंही होतकरू आहेत. त्यावर मेव्हणे म्हणाले, “होतकरू कसले? कोट्यधीश आहेत ते. होतकरू म्हणजे ज्याला फीमाफी मिळते तो.” बरोबर कोण? आणि पोटेन्शियल, सीलिंग (खेळाडू जास्तीत जास्त कुठवर पोचेल ती पातळी) या शब्दांना मराठीत काय म्हणावं?’

मेव्हणे साफ चूक. पण एकट्या मेव्हण्यांना झोडपून उपयोग नाही, कारण निम्मा महाराष्ट्र त्यांच्या बाजूने उभा आहे. शाळेच्या फळ्यापासून ट्रस्टच्या जाहिरातीपर्यंत जिथे पाहावं तिथे ‘गरीब व होतकरू विद्यार्थी’. इतकी वर्षं हे दोन शब्द एका बाकावर बसले की पहिल्याचा रंग दुसऱ्याला लागला. आता लोक ‘आम्ही होतकरूंना मदत करतो’ म्हणतात आणि त्यांना म्हणायचं असतं गरजूंना. परवा एका कार्यक्रमात सूत्रसंचालिकेने ‘परिस्थितीने होतकरू’ असा प्रयोग केला. परिस्थितीने होतकरू! मी पुढचं भाषण ऐकलंच नाही.

या घोटाळ्याचं खापर मी एका अव्ययावर फोडतो. मूळ जोडी ‘गरीब पण होतकरू’ अशी होती. त्या ‘पण’मध्ये सगळा अर्थ होता: गरिबी आहे, पण पोरगा पुढे जाण्याची लक्षणं दिसतात. जाहिराती लिहिणाऱ्यांनी ‘पण’ काढून ‘व’ घातला, पुढे ‘व’ जाऊन स्वल्पविराम आला आणि दोन वेगळ्या गोष्टी एकाच गोष्टीची दोन नावं झाल्या. खात्री करायची तर ‘गरीब पण गरजू’ म्हणून बघा. जीभ अडखळते. ‘गरीब पण होतकरू’ला अडखळत नाही. आणि ‘श्रीमंत पण होतकरू’? कानाला जरा नवं लागेल, पण व्याकरणाला किंवा अर्थाला काहीच झालेलं नाही.

इथे कुणीतरी ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ हे वचन घेऊन येणार. लोक वापरतात तोच अर्थ, भाषा प्रवाही असते, वगैरे. ज्यांना कोश उघडायचा कंटाळा असतो त्यांना हे वचन फार प्रिय असतं. रूढी बलवान असते हे मान्य. पण रूढीने नवा अर्थ आणला तर जुन्या अर्थासाठी दुसरा शब्द तरी द्यावा. गरिबासाठी आपल्याकडे गरीब, गरजू, निर्धन, दरिद्री, नादार, कफल्लक एवढी फौज उभी असताना होतकरूलाही त्यात भरती करायचं, आणि मग पुढे येणाऱ्या पोरासाठी ‘पोटेन्शियलवाला’ म्हणायचं, हा कुठला व्यवहार? ‘अपरोक्ष’चं आपण असंच मातेरं केलं. अर्थ ‘डोळ्यांसमोर’, वापर ‘पाठीमागे’.

बरं, आता मुद्द्याचं. होतकरू शब्दाची घडण बघा, फार सुंदर आहे.

‘करू’ला ‘करी’चा सख्खा चुलत भाऊ म्हणू. करीवाले ढिगाने आहेत: शेतकरी, वारकरी, टाळकरी, पहारेकरी, वाटेकरी, मारेकरी. करूवाले मोजके. यात्रेकरू, भाडेकरू आणि आपला होतकरू, एवढे चटकन आठवतात. यात्रेकरू यात्रा करतो, भाडेकरू भाड्याने राहतो. दोन्हींत ‘करू’च्या आधी नाम आहे. होतकरूमध्ये मात्र ‘होत’ आहे. यात्रेसारखं, भाड्यासारखं हे ‘होत’ नाम नव्हे. ते चालू क्रियेचं रूप आहे: होत आहे, होत होता. म्हणजे ‘होत असणं’ हाच ज्याचा उद्योग, तो होतकरू. झालेला नाही, होईलच याची हमी नाही, पण होण्याच्या कामाला लागलेला आहे. एवढं सगळं चार अक्षरांत! इंग्रजीतल्या पोटेन्शियलमध्ये नुसती आत पडून असलेली ताकद आहे. ती माणूस झोपला तरी तिथेच असते. होतकरू झोपला की होतकरू राहत नाही.

हिंदीत याच जागी ‘होनहार’ आहे. गंमत अशी की हिंदीत होनहार म्हणजे गुणी मुलगाही आणि होनहार म्हणजे विधिलिखितही. मराठीने या दोन अर्थांची वाटणी केली. विधिलिखित ‘होणार’कडे गेलं (होणारं चुकत नाही, असं आजी म्हणायची ती हेच), आणि गुणी मुलगा होतकरूकडे आला. होणारमध्ये माणसाच्या हातात काही नाही. होतकरूमध्ये ‘करू’ आहे.

पण थांबा. होणारमध्येही ‘करणं’ लपलेलं आहे, असं माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही. कुंभकारचा कुंभार झाला, सुवर्णकारचा सोनार, लोहकारचा लोहार, चर्मकारचा चांभार. ‘कार’मधला क झिजला आणि ‘आर’ उरला. तोच ‘आर’ जाणार, येणार, होणारमध्ये आहे असं मी धरतो. म्हणजे सोनार सोनं घडवतो तसा होणार ‘होणं’ घडवतो. अभ्यासकांचा दुसरा पक्ष हिंदीच्या ‘हार’कडे बोट दाखवून म्हणतो की हा ‘धार’मधून आला, ध चा ह होतोच, दधिचं दही झालं तसा. पत्ता चांगला आहे, नाही म्हणत नाही. कारवाल्यांना तो ह कुठून आला हे सांगावं लागतं. दोन स्वर शेजारी आले की मध्ये ह घुसतो, हे माझं उत्तर. ते धारवाल्यांना पटत नाही आणि त्यांचं मला. पण मी त्यांना विचारतो: धार म्हणजे धारण करणारा. ‘होणं धारण करणारा’ याचा अर्थ तुम्ही एका वाक्यात सांगा. आणि मराठीला जेव्हा हाच अर्थ नव्याने घडवावासा वाटला तेव्हा तिने ‘होतधरू’ का नाही केलं? ‘करू’च का उचललं? कृ धातूचा शब्द झिजून ओळखू येईनासा झाला, म्हणून भाषेने तोच धातू पुन्हा ताजा करून लावला. होतकरू म्हणजे नव्या कपड्यातला होणार. धारवाल्यांनी यावर बोलावं.

हं, कॉर्नरबॅक.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी: बचावाच्या अकरा जणांत मैदानाच्या कडांना जे उभे असतात आणि चेंडू झेलायला धावणाऱ्याला चिकटून राहतात ते कॉर्नरबॅक. समोरचा कुठे वळणार हे ठाऊक नसताना उलट्या पावलांनी पळायचं, हे त्यांचं काम. याला मराठी शब्द काढू नका. कबड्डीच्या बातम्यांत कोपरारक्षक आहे, तो इथे डकवाल, पण काम उलटं आहे. कबड्डीतला कोपरारक्षक चढाईपटू जवळ यावा म्हणून टपलेला असतो, घोटा धरायला. उत्तम कॉर्नरबॅकच्या बाजूला चेंडू फेकायची प्रतिस्पर्ध्याची हिंमतच होत नाही.

ईगल्सचा वाद तिथेच तर आहे. 2024च्या निवडीत (ड्राफ्टमध्ये, जिथे संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात) त्यांनी पहिल्या फेरीत, एकूण बाविसाव्या क्रमांकावर टोलीडो विद्यापीठाचा क्विन्यॉन मिचेल घेतला आणि दुसऱ्या फेरीत, चाळिसाव्या क्रमांकावर आयोवाचा कूपर डिजीन. मिचेलने 2022मध्ये कॉलेजच्या एकाच सामन्यात नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध प्रतिस्पर्ध्यांचे चार पास मधल्यामध्ये उडवले होते (याला इंटरसेप्शन म्हणतात), त्यांतल्या दोनांवर थेट टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात. आणि व्यावसायिक संघात आल्यावर पहिल्या नियमित मोसमात? शून्य. डिजीनचंही शून्य. आता आकडे बघून भांडणारे म्हणणार, कुठे आहे पोटेन्शियल? सामने बघून भांडणारे म्हणणार, अरे, मिचेलच्या बाजूला झेलायला माणूस मोकळा सुटतोच कुठे? मी दुसऱ्या पंगतीत बसतो. मग बाद फेरीत ग्रीन बेविरुद्ध मिचेलचा पहिला इंटरसेप्शन आला. आणि 9 फेब्रुवारी 2025ला, न्यू ऑर्लिन्सच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी डिजीनने प्रतिस्पर्धी कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सचा पास उचलला आणि 38 यार्ड पळत जाऊन थेट टचडाउन केला. गुण झाले 17-0. अख्ख्या मोसमात नाही, ते त्या दिवशी. ईगल्स 40-22 जिंकले.

त्या क्षणापर्यंत डिजीन होतकरू होता. त्यानंतर? इथे शब्द काटेकोर वापरावा. होतकरूचा विरुद्धार्थी शब्द श्रीमंत नाही, ‘झालेला’ आहे. मुरलेला, कसलेला, नाणावलेला. संघातला डॅरियस स्ले हा नाणावलेला होता. त्याला 2025च्या मार्चमध्ये सोडला, तो पिट्सबर्गला गेला, आणि मिचेलच्या विरुद्ध कडेची जागा मोकळी पडली. त्या जागेवरून तुमच्या घरातला वाद पेटलाय असं मी धरून चालतो, कारण तुम्ही ‘तिघं’ म्हणता आणि तिसरा केली रिंगोच असणार.

रिंगो हे होतकरू या शब्दाचं खरं परीक्षास्थान. 2023मध्ये चौथ्या फेरीत, 105व्या क्रमांकावर घेतलेला. अंगाने दांडगा, चाळीस यार्ड 4.36 सेकंदांत. जॉर्जिया विद्यापीठाकडून 2022च्या जानेवारीत अलाबामाविरुद्धच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात शेवटी शेवटी पास अडवून 79 यार्ड पळत गेला होता. असा पोरगा 2025मध्ये, तिसऱ्या वर्षीही, जागेसाठी संघातल्याच ॲडोरी जॅक्सन या कॉर्नरबॅकशी झगडत होता तेव्हा चाहत्यांत दोन तट पडणारच. एक म्हणतो, अजून वाढतोय. दुसरा म्हणतो, किती दिवस?

आणि ‘किती दिवस’ हा होतकरूच्या अर्थातच बसलेला प्रश्न आहे. या शब्दाला मुदत असते. विशीतला होतकरू ही शाबासकी, तिशीतला होतकरू ही शंका, आणि पन्नाशीतल्या लेखकाला व्यासपीठावर ‘होतकरू’ म्हटलं तर तो मानधन न घेता निघून जाईल. ‘गरीब’ला अशी मुदत नसते, मेव्हण्यांचा अर्थ चुकीचा असल्याचा हा आणखी एक पुरावा. रिंगोचं वय बघता मी त्याला होतकरूच म्हणेन, पण आवाजात जरा काळजी ठेवून.

वर्तमानपत्रवाले इथे ‘उदयोन्मुख खेळाडू’ छापतात. क्षितिजावर उभे करून ठेवतात बिचाऱ्यांना. त्यापेक्षा जुना ‘उमेदवार’ बरा. आज तो निवडणुकीने पळवला, पण ‘उमेदवारी करणे’ म्हणजे उस्तादाच्या हाताखाली, पुढे जागा मिळेल या उमेदीवर राबणं. डिजीन पहिल्या मोसमात सुरुवातीचे काही आठवडे बाहेर बसून हेच करत होता.

पोटेन्शियलला सरसकट एक शब्द शोधू नका, प्रसंग बघा. अंगात ताकद आहे: धमक, कुवत. बुद्धीची झेप: वकूब, आवाका. एखाद्या सामन्यात नुसती झलक दिसली: चुणूक दाखवली. ‘क्षमता’ कचेरीत ठेवा.

आणि सीलिंग. ‘त्याचं सीलिंग हाय आहे’ याचं ‘त्याची कमाल मर्यादा उंच आहे’ असं भाषांतर तुम्ही अजून केलं नसेल तर करू नका. मराठी माणूस म्हणतो, ‘हा मोठी मजल मारेल.’ मजल म्हणजे अरबी मंझिल, प्रवासातला मुक्काम. म्हणून मजल-दरमजल. त्याच शब्दाचा घरातला भाऊ म्हणजे मजला. मूळ धातूचा अर्थ आहे खाली उतरणं, घोड्यावरून उतरायची जागा ती मंझिल. विदर्भातल्या लोकांना छळणारी नजूलची, म्हणजे सरकारी मालकीची, जमीनही त्याच कुळातली. म्हणजे इंग्रजीत ज्याला छत म्हणतात त्याच्यासाठी आपला शब्द जमिनीच्या बाजूचा, आणि उतरायच्या धातूतून निघून वर चढायला लागलेला. मला हे कितीही वेळा सांगायला आवडतं.

सीलिंगच्या जोडीने चाहते ‘लो फ्लोअर’ म्हणतात, त्याला ‘बेभरवशाचा’ पुरे. आणि पहिल्या फेरीत वाजतगाजत घेतलेला गडी फुसका निघाला, ज्याला तिकडे ‘बस्ट’ म्हणतात, तर भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणा. मिचेल आणि डिजीनसाठी तूर्त तिची गरज पडलेली नाही.