पाऊण तास खेळले, पण व्यायाम किती झाला?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी डोंबिवलीला राहते. वय ४३, उंची ५ फूट २ इंच, वजन ७८ किलो. लोकल, ऑफिस आणि घर यांत दिवस संपतो, सकाळी फिरायला जाणं जमत नाही. माझे दीर टोकियोत निशी-कासाईला असतात. दिवाळीत येताना त्यांनी माझ्या मुलासाठी निन्टेंडो स्विच हे टीव्हीला जोडायचं खेळयंत्र आणि सोबत ‘रिंग फिट अॅडव्हेंचर’ हा हातात कडं धरून, मांडीला पट्टा बांधून खेळायचा व्यायामाचा खेळ आणला. मुलाचा उत्साह आठ दिवसांत संपला, आता मीच खेळते. रात्री साडेनऊला, जेवणं आणि आवराआवर झाली की गाऊनवरच. आठवड्यातून चार-पाच दिवस, दर वेळी पाऊण तास. दोन महिन्यांत वजन फक्त ६०० ग्रॅम उतरलं. खेळ संपल्यावर स्क्रीनवर ६०-६५ कॅलरी दिसतात तेव्हा रडू येतं. मिस्टर म्हणतात, हा काय व्यायाम आहे का? धपधप आवाज होतो म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. आणि हल्ली जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. चालू ठेवू की बंद करू? सासूबाईंचं वय ७१ आहे, त्याही ते कडं हातात घेऊन दाबत बसतात. चालेल का?

उत्तर : ताई, बंद करू नका. दोन महिने आठवड्यातून चार-पाच दिवस स्वतःहून घाम गाळणाऱ्या बायका माझ्या क्लिनिकमध्ये फार कमी येतात. मी सांगितलेले व्यायाम बहुतेकजणी तिसऱ्या आठवड्यात सोडतात. तुम्ही टिकलात, ही सगळ्यात अवघड गोष्ट होती. आता खेळण्याची पद्धत तेवढी बदलायची आहे.

आधी त्या आकड्याबद्दल. खेळ संपल्यावर कॅलरीसोबत आणखी एक आकडा दिसतो, तुम्ही प्रत्यक्ष व्यायाम केला तो वेळ. तुम्ही हालत असता तेवढीच मिनिटं हा खेळ मोजतो. गोष्ट पुढे सरकते, शत्रू बोलतो, तुम्ही पुढचा व्यायाम निवडता, पाणी पिता, तो वेळ त्यात धरत नाही. लॉकडाऊनमध्ये क्लिनिक बंद होतं तेव्हा शेजारच्या मुलाकडून हाच खेळ आणून मी घड्याळ लावून बघितलं होतं. चाळीस मिनिटं टीव्हीसमोर होते, हिशेबात सतरा आली. म्हणजे तुमची पाऊण तासाची मेहनत बहुधा अठरा-वीस मिनिटांची आहे. ६०-६५ कॅलरी पाहून रडू नका, खेळ तुम्हाला खरं तेच सांगतोय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फक्त ही मिनिटं लिहा, कॅलरी लिहू नका. आधी वीसची पंचवीस आणि मग तीस करायची आहेत. त्यासाठी जास्त वेळ खेळायची गरज नाही, मधलं बोलणं बटण दाबून पुढे सरकवा.

आता वजनाचा हिशेब. हा मी प्रत्येकीला कागदावर मांडून दाखवते. बरा दम लागेल असा व्यायाम करताना शरीर नुसतं बसलेलं असतानाच्या सुमारे चौपट ऊर्जा खर्च करतं. तुमच्या ७८ किलोला तीस मिनिटांत बसण्यापेक्षा साधारण ११५ ते १२० कॅलरी जास्त लागतील. आठवड्याचे पाच दिवस धरले तर ६०० च्या आत-बाहेर. एक किलो चरबी उतरायला सुमारे ७७०० कॅलरी लागतात. म्हणजे खाण्यात काहीच बदल केला नाही तर एका किलोला तीन महिने! दोन महिन्यांत तुमचे ६०० ग्रॅम उतरले ते या हिशेबाने मुळीच कमी नाहीत, तुम्ही कुठेही कमी पडला नाहीत.

जपानच्या राष्ट्रीय आरोग्य आणि पोषण संस्थेतल्या संशोधकांनी निन्टेंडोच्याच ‘वी’ या जुन्या यंत्रावरचे ६८ खेळ आणि व्यायाम बंद खोलीत श्वास मोजून तपासले होते. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यातले दोन तृतीयांश प्रकार हलक्या व्यायामात मोडले. गोल्फ विश्रांतीच्या दुप्पट, बॉक्सिंग चौपटीच्या थोडं वर, आणि सहापटीच्या वर एकही गेला नाही. रिंग फिट त्यानंतर, २०१९ साली आला आणि त्यात उठाबशा, पोटाचे व्यायाम, योगासनं असल्यामुळे तो त्यातल्या बऱ्याच प्रकारांपेक्षा दमवतो. तरी केवळ खेळून वजन उतरेल अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. वजनाचं काम निम्म्याहून जास्त स्वयंपाकघरात होतं.

तुम्ही चहाबद्दल लिहिलं नाही, पण ऑफिसात जाणाऱ्या बाईचे चार कप होतातच. कपाला दोन चमचे साखर धरली तर दिवसाला आठ चमचे, म्हणजे सव्वाशे ते दीडशे कॅलरी. तुमचा अख्ख्या दिवसाचा खेळ त्या साखरेत विरघळतो. आजपासून कपाला एक चमचा आणि पंधरा दिवसांनी अर्धा. रात्रीच्या जेवणात भात आणि पोळी दोन्ही असेल तर एकच ठेवा, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ वाढवा. याहून जास्त आहार मी इथे सांगणार नाही, कारण तुमचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत. वर्षभरात थायरॉईड आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासलं नसेल तर या महिन्यात करून घ्या.

गुडघ्याबद्दल मला काळजी वाटते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. या खेळाला तुम्ही दिसत नाही. त्याला कळतात त्या दोनच जागा, हातातलं कडं आणि डाव्या मांडीला बांधलेला पट्टा. मांडी किती झुकली एवढंच त्याला समजतं. गुडघा आत वळला का, टाच उचलली का, कंबर वाकली का, यातलं काहीच नाही. आणि उजव्या पायाचं तर त्याला काहीच कळत नाही! त्यात तुम्ही गाऊन घालता. कापडावरून पट्टा सरकतो, मग तुम्ही नीट वाकलात तरी खेळ म्हणतो, अजून खाली. तुम्ही त्याचं समाधान करायला आणखी खाली जाता आणि न मोजलेल्या उजव्या पायावर भार टाकता. दुखणं तिथून आलं असण्याची शक्यता मला मोठी वाटते. अंगाबरोबर बसणारी ट्रॅक पँट किंवा लेगिंग घाला आणि पट्टा मांडीवर घट्ट बांधा.

मग एक दिवस टीव्ही बंद ठेवून कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहा. मागे न घसरणारी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पाय खांद्याएवढे फाकवा, दोन्ही हात पुढे. खुर्चीत बसायला जावं तसं आधी बूड मागे न्या. खुर्चीला नुसता स्पर्श झाला की उठा. उठताना गुडघे एकमेकांकडे ओढले जातात का ते बघा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. सुरुवातीला दहा वेळा पुरे. दहाही वेळा गुडघे सरळ राहिले की मगच खेळात उठाबशा निवडा, आणि तेव्हाही खुर्ची मागे असू द्या. खेळाच्या सेटिंगमध्ये गुडघ्यासाठी मदतीचा पर्याय आहे, तो लावा. काठिण्य एक ते तीसपर्यंत असतं, तेही चार-पाच पायऱ्या खाली आणा. दोन आठवड्यांत जिना उतरणं हलकं वाटायला हवं. गुडघा सुजला, अडकला किंवा अचानक दगा देऊ लागला तर मात्र खेळ थांबवून अस्थितज्ज्ञांना दाखवा.

खालच्या काकूंसाठी धावणं सोडा. पट्ट्याला मांडीची हालचाल हवी असते, पाय आपटण्याशी त्याला देणंघेणं नाही. जागच्या जागी गुडघे वर घेत चाललात आणि पाऊल चवड्यावरून हलकेच टेकवलंत तरी पडद्यावरचा माणूस पळतो. हे गुडघ्यालाही सोसतं. आवाज न होणारा एक मोडही आहे, पण त्यात धावण्याऐवजी पुन्हा पुन्हा गुडघे वाकवावे लागतात, म्हणून तुम्हाला तो आत्ता नको. खाली जाड चटई घ्या. घामाने ओल्या फरशीवर मोज्यांनी खेळू नका. जेवणानंतर लगेच खेळण्यापेक्षा घरी आल्यावर, कुकर लावून खेळा. शिट्ट्या मोजायचं काम मुलाला द्या, खेळ त्याचाच आहे.

मिस्टरांना सांगा, ओळखायची खूण सोपी आहे. व्यायाम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागला की तो व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना अशी दीडशे ते तीनशे मिनिटं आठवड्याला करायला सांगते, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. तुमचे पाच दिवस तीस-तीस मिनिटांचे झाले की दीडशे पूर्ण, आणि कडं दाबणं, उठाबशा यांतून ताकदीचं कामही होतं. उरलेल्या दोन दिवशी स्टेशनहून घरी शेअर रिक्षा न करता चालत या.

वजनकाट्यावर आठवड्यातून एकदाच, सकाळी. त्यापेक्षा कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची, श्वास सोडल्यावर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत ही मर्यादा धरतात. आज तुमची त्याहून जास्त असेल, असू दे. पहिलं ध्येय ७८ वरून ७४ चं ठेवा. वजनाच्या पाच टक्के एवढं उतरलं तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो.

सासूबाईंचं वाचून मला फार आनंद झाला. २०११ च्या सुमारास मी एका रुग्णालयात काम करत होते, तिथे वीचा बॅलन्स बोर्ड आणला होता. बाथरूममधल्या वजनकाट्यासारखी पाटी, चार कोपऱ्यांत चार सेन्सर, तुमचा भार कुठे झुकतो ते पडद्यावर दाखवायची. अर्धांगवायू झालेले एक निवृत्त एसटी कंडक्टर माझ्याकडे होते. डाव्या पायावर भार द्या म्हटलं की दोन मिनिटांत ‘पुरे बाई’ म्हणत खुर्चीत बसायचे. त्या बोर्डवर पाटी तिरकी करून गोळी भोकात पाडायचा खेळ होता. त्यांना मागून कमरेच्या पट्ट्याने धरून मी तो लावला. गोळी डावीकडे न्यायची तर डावा पाय दाबावाच लागतो. त्या दिवशी ते अकरा मिनिटं उभे राहिले. माझाच हात दुखायला लागला म्हणून थांबवलं, तर म्हणाले, ‘अजून एक राहिलीय.’ खेळाचं माणसावर काय चालतं ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं, म्हणूनच तुम्हाला बंद करू नका म्हणते.

सासूबाईंनी हात असलेल्या खुर्चीत बसून कडं दाबावं आणि ओढावं, दहा-दहा वेळा, मध्ये विसावा घेऊन. श्वास मात्र कोंडायचा नाही. कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. मोठ्याने आकडे म्हणायला सांगा, आकडे म्हणताना श्वास कोंडता येत नाही. हे तुम्हीही करा. उभं राहून एका पायावरची आसनं त्यांना देऊ नका. हृदयाचा त्रास असेल किंवा डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

तीन महिन्यांनी कॅलेंडरवरची मिनिटं आणि कमरेचं माप मला नक्की कळवा.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करतो. वय २६, उंची ५ फूट ९ इंच, वजन ९४ किलो. वजन कमी करायला व्हीआर हेडसेट घेतला, म्हणजे डोळ्यांवर चढवला की आपण खेळाच्या आतच आहोत असं दिसतं ते यंत्र. ‘बीट सेबर’ (गाण्याच्या तालावर येणारे ठोकळे हातातल्या तलवारींनी कापायचे) आणि विमान उडवण्याचा एक खेळ खेळतो. घाम भरपूर येतो, पण वीस मिनिटांत मळमळतं आणि वजन तेवढंच आहे. परवा हात पंख्याला लागता लागता वाचला.

उत्तर : डोळ्यांना आपण उडतोय असं दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला आपण उभेच आहोत असं कळतं, या भांडणातून मळमळ होते. विमानाचा खेळ आत्ता बाजूला ठेवा. बीट सेबरमध्ये तुम्ही जागेवर असता आणि ठोकळे तुमच्याकडे येतात, म्हणून तो सोसतो. पहिला आठवडा दहाच मिनिटं खेळा, मळमळ जाणवली की लगेच हेडसेट काढा. जोर करून खेळत राहिलात तर सवय होत नाही, पुढच्या वेळी उलट लवकर मळमळतं.

घामावरून चरबीचा अंदाज करू नका. चेहऱ्यावर फोम घट्ट बसलेला असतो, घाम येणारच. या खेळात काम मुख्यतः हातांचं होतं, शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू पायांत आणि ते बहुतेक वेळ उभेच! म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये हेडसेट न काढता पंधरा उठाबशा घाला. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत जात असतील तर दर तासाला उठून जिना चढून या. रात्री अकराला मागवलेली बिर्याणी आधी आठवड्यातून एकदावर आणा, नाहीतर खेळ काहीही करू शकणार नाही.

खेळायला निदान दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा हवी, पलंगाचा कोपरा त्यात येता कामा नये. छताचा पंखा बंद करा आणि समोर जमिनीवर टेबलफॅन लावा. हेडसेट घातलेला असला तरी वारा कुठून येतोय त्यावरून आपलं तोंड कोणत्या बाजूला आहे ते कळत राहतं. बऱ्याच जणांची मळमळही त्याने कमी होते.