वय गेलं, आता पळून काय मिळणार?

आमच्या बेळगाव-खानापूर भागात हा प्रश्न काउन्सेलर म्हणून माझ्याकडं वेगवेगळ्या तोंडातून येतो. कधी रिटायर झालेले काका विचारतात, कधी पोरं शिकायला बाहेर गेलेली एखादी वहिनी विचारते, पण सगळ्यात जास्त टोचतो तो पंचविशीतल्या पोरांनी विचारला की. पंचविशीत कसलं वय गेलं, असं बाहेरच्यांना वाटेल. फौजेच्या भरतीचं वय गेलं, दुसरं काय.

ज्याच्याबद्दल लिहायलेय त्याला विचारून लिहायलेय आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात. येळ्ळूरच्या बाजूचा पोरगा, उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला, शिफ्ट ड्यूटी. त्याची ताई घेऊन आली होती. "जेवायलाय, कामाला जायलाय, पगार आईच्या हातात द्यायलाय, पण बोलत तेवढं नाही मॅडम. लग्नाचं काढलं की ताटावरनं उठतोय." तो बाजूला बसून खाली बघत होता.

त्याची गोष्ट इकडं घराघरातली आहे. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर, गावात दर दोन-चार घरांमागं एक फौजी, त्यामुळं पोरगं दहावीत गेलं की पहाटे उठून रोडला पळायला लागतं, कुणी सांगावं लागत नाही. हाही पळाला. नेमका हाताशी आला तेव्हा कोरोना आला आणि 2020 पासून भरतीच थांबली, ती जवळजवळ दोन वर्षं. मग 2022 ला अग्निपथ आलं, चार वर्षांसाठी फौजेत घ्यायची योजना. वयाची अट साडेसतरा ते एकवीस, फक्त त्या वर्षापुरती तेवीसपर्यंत सूट. त्या सुटीत हा कसाबसा बसला. तेव्हा सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारले तर पैकीच्या पैकी मार्क, पावणेसहापर्यंत थोडे कमी, त्याच्यापुढं दोरी आडवी, म्हणजे बाद. हा दोरीच्या मागं राहिला. दोन-तीन सेकंद, असं तो म्हणतो. त्या दिवशी घरी येऊन त्यानं बूट माळ्यावर टाकले, त्यानंतर मैदानाच्या रस्त्यानंसुद्धा जात नव्हता, लांबचा वळसा घालून कामाला जायचा, आणि लग्नकार्याला जाणं बंद, कारण मांडवात कुणीतरी विचारणारच, काय रे, सध्या काय करतोस?

आता वाचणाऱ्याला वाटेल मी लगेच त्याला पळायला लावलं. नाही. पहिले काही वेळा आम्ही झोप, जेवण, दारू, फोन एवढंच बोललो. सेकंड शिफ्टवरनं रात्री उशिरा यायचा आणि तीनपर्यंत फोन बघत पडायचा. मरून जावं असं वाटतं काय, हे मी सरळ विचारते, आडून विचारलं तर उत्तरही आडूनच येतं. तो "तसलं काही नाही" म्हणाला आणि माझा विश्वास बसला. तसं असतं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी सायकियाट्रिस्टकडं पाठवलं असतं. ज्यांना रात्री-अपरात्री गरज लागेल त्यांच्यासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे.

पळण्याचा विषय त्यानंच काढला, तोही तिरकस. "ताई म्हणते परत पळ म्हणून. आता पळून काय मिळणार हाय?" मी विचारलं, तेव्हा काय मिळत होतं? भरती सोडून सांग. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, पळून झाल्यावर परत येताना आम्ही पोरं शेंगा खात चालत यायचो, ते बरं वाटायचं. बास एवढंच. पण मला तेवढं पुरं होतं.

साडेपाच मिनिटांत सोळाशे म्हणजे किलोमीटरला साडेतीन मिनिटांच्याही आत. आपण हौशी माणसं जन्मात त्या स्पीडला जाणार नाही. आणि ह्याला पळणं म्हणजे तेवढंच माहीत, जीव तोडून, तोंडाला फेस येईपर्यंत, आणि शेवटी कुणीतरी घड्याळ बघून पास की नापास सांगणार. म्हणून मी एकच अट घातली, घड्याळ नाही, फोन घरी, आणि बाजूच्या माणसाशी वाक्य पुरं बोलता येईल एवढ्याच स्पीडनं जायचं, दम लागला तर चालायचं. तो हसला. "हे पळणं नव्हे मॅडम, हे म्हाताऱ्याचं चालणं झालं." म्हटलं होऊ दे.

अडचण पायांची नव्हती. अडचण होती गावाची. पहिल्याच आठवड्यात गोठ्यापाशी, पारापाशी, चहाच्या टपरीवर तोच प्रश्न, "परत भरती काय रे?" लोक वाईट नसतात, आपल्याकडं जवान पोरगं पळताना दिसलं की दुसरं कारण सुचतच नाही, पण ह्याला ते बुक्कीसारखं लागायचं. तर एक अख्खं सेशन आम्ही फक्त उत्तराची प्रॅक्टिस केली. "नाही काका, असंच." तीन शब्द. आवाज न चढवता आणि न थांबता म्हणायचे, कारण थांबलं की पुढचा प्रश्न येतो. हसू नका, खूप पोरांना हे तीन शब्द जमत नाहीत.

कुत्र्यांचा त्रास झाला, तो सगळ्यांनाच होतो, अंधारात उसाचे ट्रॅक्टर लाईट न लावता येतात तो वेगळाच, म्हणून उजाडल्यावर जायचं आणि पांढरा शर्ट घालायचा ठरलं. पावसाळ्यात बासमतीच्या शेतांमधला रस्ता लाल चिखल होतो तेव्हा डांबरी धरायचा.

मग हळूहळू माणसं यायला लागली त्याच्या बोलण्यात. आधी फक्त मशीन, सुपरवायझर आणि आई असायचे. आता डेअरीला दूध घालायला जाणारा मामा, म्हशी सोडणारे एक आजोबा आणि पलीकडच्या गावातनं येणारे एक कन्नड मास्तर. मास्तर "नमस्कार री" म्हणणार, हा "नमस्कार सर" म्हणणार, पुढं अर्धं कन्नड अर्धं मराठी. बोर्डावरच्या भाषेवरनं आपल्याकडं काय काय होतं ते आपण बघतोच, पण तो वाद एवढ्या सकाळी अजून उठलेला नसतो.

एकदा ताप आला म्हणून तो चार दिवस गेला नाही. तर म्हशीवाले आजोबा घर शोधत आले, दारात उभं राहून आईला विचारलं, "पोरगं दिसलं नाही, बरं हाय न्हवं?" आईनं हे मला फोन करून सांगितलं. त्याला विचारलं तर म्हणाला, मला वाटलेलं मी नसलो तरी कुणाला कळायचं नाही. मला विचाराल तर पळण्यानं त्याला मिळालं ते हे. रोज त्याच वेळेला त्याच वाटेवर दिसणारा माणूस चार लोकांच्या हिशोबात येतो, एवढी साधी गोष्ट, आणि ती मी माझ्या खोलीत बसून कितीही बोलले असते तरी देऊ शकले नसते.

बाकी सगळं गोड झालं असं काही नाही. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात झोप चांगली लागते, सेकंडला परत बिघडते. लग्नाचा विषय निघाला की अजून भांडण आहेच. गावातली भरतीची पोरं मैदानावर पळतात तिकडं तो अजून जात नाही. त्यांना चार गोष्टी सांगशील काय, असं मी एकदा विचारून बघितलं, तो नाही म्हणाला, मी सोडून दिलं. प्रत्येक नापास माणसानं कोच व्हायलाच पाहिजे असं थोडंच आहे.

आणि पळा म्हणजे सगळी दुखणी जातील असं सांगणारे लोक मला आवडत नाहीत. आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम करा असं डब्ल्यूएचओ सांगतं, त्यात भरभर चालणं पण येतं, आणि मन सौम्य उदास असेल तर त्याचा फायदा होतो हे खरंय. पण गोळ्या चालू असतील तर त्या पळून बंद करायच्या नसतात. उलटं पण बघितलंय मी, घरातलं बोलणं टाळायला रोज दोन-दोन तास पळणारे, त्यांची बायको माझ्याकडं येते.

मागच्या वेळेला आला तेव्हा विचारत होता, बेळगावात दहा किलोमीटरची रेस आहे, नाव देऊ काय? घड्याळ असणार तिथं, मी म्हटलं. "असू दे की, मी बघणार नाही." मग थोडं थांबून म्हणाला, फी जरा जास्त आहे, टी-शर्ट नको म्हटलं तर कमी करतात काय बघतो.