कोल्हापूर–निपाणी रोज कारने: कोगनोळीचा टोल भरावा की मुरगूडवरून जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर राजारामपुरीत, नवी नोकरी निपाणीत, आठवड्याचे पाच दिवस कारने जाणं-येणं. कागल आणि निपाणीच्या मधे हायवेवर असलेला कोगनोळीचा टोल भरत जावं, की कागलला आत वळून मुरगूडमार्गे निपाणी गाठून टोल चुकवावा? वर शेजारचे काका म्हणतात, "कोल्हापूरकरानं टोल भरायचा नसतो."

मीही याच पट्ट्यात नोकरीसाठी ये-जा करतो आणि दोन्ही रस्ते मला पाठ आहेत. माझं उत्तर स्पष्ट आहे. टोल भरा, हायवेनंच जा. मात्र फास्टॅगमधून रोज पूर्ण दरानं पैसे जाऊ देऊ नका. बचत करायची जागा ती आहे, आडवाटेला बचत नाही.

आधी आडवाटेचा हिशेब घेऊ, कारण सगळे तिथंच फसतात. कागल ते निपाणी हायवेनं साधारण वीस किलोमीटर. तेच कागल–मुरगूड–निपाणी केलं तर एका बाजूला पंधराएक किलोमीटर जास्त पडतात, म्हणजे दिवसाला तीस. तुमची गाडी लिटरला पंधरा देते असं धरलं तर रोज दोन लिटर पेट्रोल जादा. आजच्या भावानं हे दोनशेच्या वर गेलं. कोगनोळीचा दर दरवर्षी १ एप्रिलला बदलतो, म्हणून हिशेबाला सोपा असा एका वेळचा १०० रुपये धरतो. तुम्ही नाक्यावरच्या फलकावरचा आकडा घाला. चोवीस तासांत परत आलात तर जाऊन-येऊन दीडपट, म्हणजे १५० रुपये लागतात. टोल वाचवायला निघालेला माणूस असे दीडशे वाचवतो आणि दोनशे पंपावर देऊन येतो. टायर, क्लच आणि सस्पेन्शन यात धरलेलंच नाही.

वेळेचं तर बोलायलाच नको. आतला रस्ता गावागावांतून जातो. सकाळी शाळेची पोरं, दुधाच्या गाड्या, बाजाराच्या दिवशी रस्त्यावर आलेली गर्दी. उन्हाळ्यात एखाद्या वेळी बरं वाटेल, झाडी आहे, हवा चांगली आहे. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरला गळीत हंगाम सुरू झाला की चित्र बदलतं. हमिदवाडा, बिद्री, कागलचा शाहू, सगळे साखर कारखाने याच टापूतले. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, उसानं इतके भरलेले की मागून ट्रॅक्टर दिसतच नाही. त्यातल्या कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला असतो. संध्याकाळी साडेसातला कामावरून दमून परतताना समोरच्या गाडीच्या उजेडात डोळे दिपलेत आणि पुढे अंधारात ट्रॉली उभी आहे, ही वेळ मी तुमच्यावर येऊ देणार नाही. नुसत्या या एका कारणासाठीसुद्धा मी हायवे म्हणेन. आपल्या भागात दर हंगामात अशा अपघातांच्या बातम्या येतात आणि आपण त्या वाचून पान उलटतो.

आता टोल कमी कसा करायचा ते.

महिन्याला बावीस दिवस कामाचे धरले तर रोजच्या दीडपट दरानं ३,३०० रुपये होतात. नाक्यावर महिन्याचा पासही मिळतो: ५० फेऱ्या, एकेरी दराच्या दोन तृतीयांशात. आपल्या आकड्यानं तो साधारण ३,३३३ रुपयांना पडतो. म्हणजे पाच दिवसांचा आठवडा असेल तर त्यात काहीच सुटत नाही. सहा दिवस जाणाऱ्याला थोडा फायदा होतो. बरेच जण "पास आहे" एवढ्यावरच खूश होतात. हे गणित कुणी मांडून बघत नाही.

खरा फरक पडतो तो फास्टॅगच्या वार्षिक पासनं. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार, जीप, व्हॅनसाठी तो सुरू झाला. तेव्हा किंमत ३,००० रुपये होती. २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. फेरी म्हणजे एकदा नाका ओलांडणं, म्हणून जाणं-येणं मिळून दोन मोजल्या जातात. त्या किमतीनं एक फेरी पंधरा रुपयांना पडली. तुमच्या महिन्याच्या ४४ फेऱ्या धरल्या तर पास साडेचार महिन्यांत संपेल. संपला की वर्ष पुरं व्हायची वाट बघावी लागत नाही, लगेच नवा घेता येतो. वर्षाला तीन पास लागतील असं समजा: त्याच किमतीनं ९,००० रुपये. दीडपट दरानं तेच ३९,६०० झाले असते. पासची किंमत पुढे थोडी वाढली तरी या हिशेबाला धक्का लागत नाही.

पास राजमार्गयात्रा ॲपवर किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळतो. तो फक्त राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो, राज्याच्या रस्त्यांवर नेहमीसारखेच पैसे कापले जातात. कोणता नाका पासमध्ये बसतो ते ॲपमध्ये कळतं, पैसे भरण्याआधी कोगनोळी बघून घ्या. सुट्टीत पुण्याला गेलात तर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे चार नाके लागतात, तिथल्या फेऱ्याही याच दोनशेतून जातात.

एक गोष्ट बरेच जण सांगत नाहीत. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या खासगी गाडीवाल्याला वेगळा स्थानिक मासिक पास मिळू शकतो. २००७-०८ साली त्याचा मूळ दर महिन्याला १५० रुपये होता, दरवर्षी वाढून तो आता तीनशेच्या वर गेला आहे. पण फेऱ्यांची मर्यादा नाही. सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर तो देत नाहीत, असंही नियमात आहे. त्यामुळं नाक्यावर जाऊन विचारावं लागतं, राहण्याचा पुरावा दाखवावा लागतो. राजारामपुरी त्या अंतरात बसत नाही. पण नोकरी पक्की झाल्यावर कागलला भाड्यानं घर बघायचा विचार असेल तर हा मुद्दा ध्यानात ठेवा. वार्षिक पासपेक्षाही तो स्वस्त पडतो.

आता काकांचं. त्यांचा राग खरा आहे आणि मला त्याचा आदर आहे. शहरातल्या जवळपास ५० किलोमीटर रस्त्यांच्या कामापोटी कोल्हापूरच्या वेशीवर नऊ नाके उभे राहिले, तीस वर्षं वसुलीचा करार झाला. शिरोली, उचगाव, फुलेवाडी, कळंबा, कुठूनही शहरात या, नाका समोर. गावातून रोज दवाखान्याला, बाजाराला, कॉलेजला येणाऱ्याला दुसरी वाटच नव्हती आणि कामाच्या दर्जाबद्दलही लोक नाराज होते. २०१३च्या ऑक्टोबरात वसुली सुरू झाली, जानेवारी २०१४मध्ये नाके पेटले. शेकापचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सर त्या वयात रस्त्यावर उतरले होते. कम्युनिस्ट नेते गोविंदराव पानसरे त्या लढ्यात होते, आणि टोल रद्द झालेला बघायला ते राहिले नाहीत. २० फेब्रुवारी २०१५ला ते गेले आणि रद्द झाल्याची घोषणा त्याच वर्षी डिसेंबरात झाली. त्या आंदोलनाचा मला अभिमान आहे आणि कायम राहील.

पण तो लढा सगळ्या शहरानं मिळून, एका अन्यायी कराराविरुद्ध दिला होता. तुम्ही एकट्यानं रोज मुरगूडला वळसा घातल्यानं कोगनोळीच्या नाक्याला काही होणार नाही. भुर्दंड तुम्हाला आणि घरी वाट बघणाऱ्यांना. हायवे खणून ठेवलाय, डायव्हर्जनमध्ये खड्डे आहेत आणि टोल मात्र पूर्ण घेतात, अशी वेळ आली तर तक्रार करा, निवेदनावर सही करा, मोर्चा निघाला तर या. मीही येईन.

पावसाळ्याचं एक लक्षात असू द्या. २०१९ आणि २०२१च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि रस्ता बंद झाला. त्या दिवसांत टोल भरलेलाही अडकतो आणि न भरलेलाही, आणि मुरगूडची वाट वेदगंगेच्याच काठची. नोकरीच्या ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये घरून काम किंवा निपाणीत चार दिवस मुक्काम जमेल का, हे रुजू होतानाच विचारून ठेवा.

दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही, पण ट्रकांच्या गर्दीत रोज दुचाकीवरून जाण्याचा सल्ला मी देणार नाही. निपाणीला जाणाऱ्या एसटी आणि कर्नाटकच्या बस भरपूर आहेत, पहिले काही दिवस त्यांनी जाऊन बघायला हरकत नाही.

पास घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. फास्टॅग गाडीच्या नोंदणी क्रमांकाशी जोडलेला हवा. नवी गाडी चॅसी नंबरवर नोंदली गेली असेल तर पास चालू होत नाही, आधी नंबर अपडेट करून घ्या. आणि टॅग काचेवर नीट चिकटवलेला हवा, हातात धरून दाखवायचा नाही. टॅग चालला नाही तर यूपीआयनं सव्वापट भरावं लागतं.