साडेपाच तासांचा फरक

प्रिय मित्रा,

वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून बाहेर पडून वर्ष झालं, सांगलीत घरूनच काम चालतं आणि तुझा प्रश्न एकच: स्पार्क शिकू, काफ्का शिकू की आइसबर्ग? सगळी प्रचंड डेटा हाताळायचीच सॉफ्टवेअरं, कुठलंही एक धर. त्याच जातीचं हडूप 2006 मध्ये आलं, काफ्का 2011 मध्ये लिंक्डइननं खुलं केलं, नवी नावं येतच राहणार. डेटा उशिरा येतो, कधी दोनदा येतो आणि त्यावरच्या वेळेचा भरवसा नसतो, हे मात्र तेव्हाही होतं, आजही आहे.

पावसाळ्यात आपण सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी बघत असतो. 40 फूट इशारा, 45 धोका. समज, पहाटे चारचं रीडिंग नेटवर्क गेल्यामुळे सातला पोचलं. सातचं धरलंस तर पाणी चढण्याचा वेग चुकला. चारचं धरलंस तर बंद करून पुढे पाठवलेला हिशेब पुन्हा उघडावा लागला. उशिरा येणाऱ्यांची वाट किती वेळ बघायची, हे ठरवणं म्हणजे वॉटरमार्क. त्यात सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर. त्यामुळे आपलं पहाटे साडेपाचच्या आधीचं सगळं आदल्या तारखेत. जॉब हिरवा, म्हणजे काम सुरळीत पार पडल्याची खूण, एरर नाही, आकडे मात्र चुकलेले. असल्या चुका महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाहीत.

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रकल्पांत, शिरायला मी तुला हीच वेळेच्या चुकांची जागा सुचवेन. अमेरिका-युरोपात कोड तपासणारी टेस्ट लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा पूर्ण तासांचे फरक असतात, आपल्याला अर्धा तास रोजचाच. तू वापरतोस त्या लायब्ररीला (तयार कोडच्या संचाला) एशिया/कोलकाता हा आपला टाइमझोन देऊन 1943 सालची एखादी जन्मतारीख टाक. महायुद्धामुळे तेव्हा आपली घड्याळं तासभर पुढे होती, फरक साडेसहाचा. मध्यरात्र साडेसहानं यूटीसीत नेली आणि साडेपाचनं परत आणली, की आजोबा आदल्या दिवशी रात्री अकराला जन्मतात!

असं काही सापडलं तर आधी जुने इश्यू (प्रकल्पाकडे नोंदवलेल्या तक्रारी) चाळ. मग सॉफ्टवेअरची आवृत्ती देऊन दहा ओळींत बग घडवून दाखव, सोबत फेल होणारी टेस्ट जोड. दुरुस्ती त्यानंतर, तीही छोटी. चाळीस फायली बदललेला पीआर (आपला बदल प्रकल्पात घ्या, अशी विनंती) कुणी वाचत नाही, आणि का वाचावा? रीडमीतली, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीपानातली, स्पेलिंग सुधारून प्रोफाइलवर कामाचे हिरवे ठिपके वाढवणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. दुसऱ्यांचे पीआर वाच, चालवून बघ, काय दिसलं ते लिही. अपाचे या संस्थेच्या (स्पार्क, काफ्का तिचेच) प्रकल्पांत कमिटर, म्हणजे कोडमध्ये थेट बदल करू शकणारा, होण्यासाठी अर्ज नसतो. काम बघून तिथली मंडळी मत देऊन बोलावतात, आणि तो मान तुझा असतो, कंपनीचा नाही.

मात्र नोकरीचा करार काढून वाच. फावल्या वेळात लिहिलेला कोडही कंपनीचाच, असं कलम त्यात असू शकतं. मॅनेजरकडून परवानगी ईमेलवर घे, चहाच्या टपरीवरचं ‘कर रे, काय हरकत नाही’ पुढे कामाला येत नाही.

पहिला इश्यू टाकण्याआधी मसुदा मला पाठव. इंग्रजीची काळजी करू नकोस, फक्त टाइमझोन आणि आवृत्ती लिहायला विसरू नकोस.

तुझा,
दादा