सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातले पुरुष परराज्यात नेमकं काय काम करतात?

खूप जण गलाईत आहेत. म्हणजे जुने दागिने, सराफाच्या पेढीवरचा केर वितळवून त्यातलं सोनं-चांदी शुद्ध करून द्यायचं. हा पट्टा पर्जन्यछायेचा, शेती बेभरवशाची, म्हणून माणसं बाहेर पडली. आता केरळपासून पंजाबपर्यंत सराफ बाजारात आपल्याकडचा गलाईवाला भेटतोच.

काम जोखमीचं. सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून मुशीत वितळवतात, रस पाण्यात ओतून दाणे पाडतात, मग ते नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात. चांदी विरघळते आणि तळाला तपकिरी भुकटी उरते. नवख्याला वाटेल फेकायचा माल, पण तेच सोनं! पुन्हा आटवलं की पिवळं दिसतं. विरघळलेली चांदी तांब्याची पट्टी टाकून परत मिळवतात. या सगळ्यात तांबूस धूर निघतो, तो फुप्फुसाला वाईट. हवा खेळती नसेल तर त्या दुकानात पोरगं ठेवू नये, हे माझं मत.

धंदा पाहुण्यारावळ्यांतून वाढतो: आधी मामाच्या किंवा चुलत्याच्या भट्टीवर, मग स्वतःचं दुकान.

बाकी गावाकडे राहिलेले विट्यात यंत्रमागावर, आटपाडीकडे मेंढरं नाहीतर डाळिंब. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून ऊसही दिसतो.