‘सदिश’, ‘अदिश’ आणि हॅमिल्टन

परिमाण आणि दिशा दोन्ही असलेल्या राशीला, म्हणजे व्हेक्टरला, आपण ‘सदिश’ आणि दिशा नसलेल्या राशीला, म्हणजे स्केलरला, ‘अदिश’ म्हणतो, तर मूळ शब्दांतही दिशेचा अर्थ आहे का, अशी विचारणा झाली आहे. तसा तो नाही. या दोन्ही शब्दांना गणितात स्थान दिले ते डब्लिनमध्ये जन्मलेले विल्यम रोवन हॅमिल्टन (१८०५–१८६५) यांनी, आणि ही नावे त्यांनी दिशेवरून ठेवलेली नव्हती.

ट्रिनिटी कॉलेजात शिकत असतानाच, १८२७ साली, हॅमिल्टन खगोलशास्त्राचे प्राध्यापक नेमले गेले आणि डब्लिनजवळच्या डन्सिंकच्या वेधशाळेत राहू लागले. वेध घेण्यापेक्षा त्यांचे मन गणितातच अधिक रमत असे. सूर्यापासून ग्रहापर्यंतच्या रेषेला खगोलशास्त्रात ‘रेडियस व्हेक्टर’ म्हणण्याचा प्रघात आधीपासून होता. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी पत्नीसह रॉयल कालव्याच्या काठाने जाताना त्यांना चार घटकांच्या संख्यांचे, म्हणजे क्वाटर्निअनचे, सूत्र सुचले आणि ते त्यांनी ब्रूम पुलाच्या दगडावर तिथल्या तिथे कोरले. या संख्येच्या दोन भागांना वेगवेगळी नावे देण्याची गरज त्यातूनच निर्माण झाली: एक घटक साधी संख्या, तो स्केलर, आणि उरलेले तीन घटक मिळून व्हेक्टर.

लॅटिनमध्ये ‘व्हेहेरे’ म्हणजे वाहून नेणे. आपला ‘वह्’ धातू, ज्यापासून वाहन आणि वाहक आले, तो याच कुळातला. ‘अ’ हा बिंदू ‘ब’पर्यंत नेणारी जी वाटचाल, ती ‘ब उणे अ’, आणि ‘अ’मध्ये ती मिळवली की ‘ब’ येतो, अशी हॅमिल्टन यांची मांडणी होती. म्हणून व्हेक्टर म्हणजे शब्दशः वाहक. रोग पसरवणाऱ्या डासाला इंग्रजीत व्हेक्टर म्हणतात तेही याच अर्थाने, आणि तिथे मराठीने ‘रोगवाहक’ हा शब्द घेऊन मूळ अर्थ चोख राखला आहे.

‘स्केलर’ शब्दात दिशेचा अभाव नव्हे, तर मोजपट्टी आहे. ऋण अनंतापासून धन अनंतापर्यंतच्या एकाच पट्टीवर जिची सर्व मूल्ये बसतात, ती राशी म्हणजे स्केलर. उणे पाच अंश सेल्सिअस हे तापमान अदिश कसे, त्याला ऋण चिन्ह आहे ना, ही शंका विद्यार्थी हमखास काढतात. ‘अदिश’ शब्द तिचे उत्तर देत नाही, पट्टीची कल्पना देते. नुसत्या परिमाणासाठी, जे कधीच ऋण नसते, हॅमिल्टन ‘टेन्सर’ म्हणजे ‘ताणणारा’ असा वेगळा शब्द वापरत. आजच्या भौतिकशास्त्रातला टेन्सर मात्र निराळा आहे, हे त्यांचे लेखन वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

तेव्हा ‘सदिश’ आणि ‘अदिश’ हे शब्द अनुवाद नसून स्वतंत्र व्याख्या आहेत. माझ्या मते ‘सदिश’ निर्दोष आहे, कारण शिकणाऱ्याला हवा तो गुणधर्म तो थेट सांगतो. ‘अदिश’ चालतो, पण तो केवळ नकारावर उभा आहे.